उत्तर न मागता ऐकवलेली कविता

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात ‘मुलं, मन आणि कविता’ या विषयावर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा समोर मोकळं माळरान होतं आणि संध्याकाळी टिटवी ओरडायची. आता समोर दुकानं आहेत, रस्त्यावर हॉर्न आहेत आणि आपल्याकडं पाण्याच्या टँकरची मोटर आहे. व्याख्यानासाठी विषय विचारला तेव्हा सचिव साहेब म्हणाले, “मॅडम, मुलांच्या अभ्यासावर बोला, एकाग्रतेवर बोला. पालक येतील.” मी म्हटलं, बोलते, पण माझ्या पद्धतीनं. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. म्हणून मी कवितेवरच बोलणार आहे. कविता शिकवण्यावर नाही, कविता ऐकण्यावर.

आधी माझी एक चूक सांगते.

साल २०१२-१३. आपल्या मराठवाड्यातला तो दुष्काळ इथल्या मोठ्यांना आठवत असेल. जायकवाडीचं पाणी मृतसाठ्यात गेलं होतं, ठिकठिकाणी जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. माझ्या वर्गात एक मुलगा होता. गाव जालन्याच्या बाजूचं, शाळेसाठी इथं मामाकडं राहायचा. त्या दिवशी मी पावसावरची कविता शिकवत होते. वाचून झाली आणि सवयीप्रमाणे प्रश्न टाकला : “या कवितेतील पावसाचे सौंदर्य तुमच्या शब्दांत सांगा.” बोट त्या मुलाकडं केलं. तो उभा राहिला, बोलला नाही. मी पुन्हा विचारलं. गप्प. मी म्हटलं, “लक्ष कुठं आहे तुझं? तास संपेपर्यंत उभा राहा.” तो उभा राहिला.

दोन दिवसांनी त्याचा मामा फी भरायला आला तेव्हा कळलं, की घरी दोन हंगाम काही पिकलं नव्हतं. बैल छावणीत होते आणि वडील बैलांजवळ छावणीतच राहत होते.

बघा, मी म्हणत होते याचं लक्ष नाही. त्या वर्गात ती कविता खरोखर ऐकली असेल, तर ती त्यानं एकट्यानं. बाकीचे पन्नास जण उत्तरासाठी शब्द गोळा करत होते आणि मी त्या उत्तराची वाट बघत होते. ऐकत कोणीच नव्हतं. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि तीच कविता पुन्हा वाचली. या वेळी सावकाश. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि काहीच विचारलं नाही. मुलं चुळबुळली, एकानं विचारलं, “मॅडम, लिहून घ्यायचं काय?” मी म्हटलं, काही नाही, आज नुसतं ऐकायचं. मग वर्ग मिनिटभर शांत झाला. तो मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला काय वाटलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पुढं वह्या तपासताना त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती अख्खी कविता उतरवलेली दिसली. खाली ना प्रश्न, ना उत्तर. दहावी झाली आणि तो गेला. आता कुठं असतो ठाऊक नाही. त्याची माफी मागायची राहिली. ती आज तुमच्यासमोर मागते.

त्या दिवसापासून आठवड्यातला एक तास मी नुसता ऐकण्याचा ठेवला. आता सगळीकडं ‘माइंडफुलनेस’ हा शब्द ऐकू येतो. मराठीत सजगता म्हणा, भान म्हणा. अर्थ इतकाच, की आत्ता इथं जे चाललंय त्यावर मन ठेवायचं आणि मन पळालं तर न रागावता त्याला परत आणायचं. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी असा वर्ग सुरू केला आणि तिथून तो शब्द जगभर गेला. त्या प्रकारच्या वर्गांमध्ये कविता वाचून दाखवतात, रूमीची कविता तर फार वापरतात. पण त्या ध्यानाचं मूळ बौद्ध परंपरेत आहे, म्हणजे आपल्या अंगणात.

वेरूळ इथून तीस किलोमीटर. आपण पाहुणे आले की त्यांना कैलास लेणं दाखवतो आणि परत फिरतो. पुढच्या वेळी दहा नंबरच्या लेण्यात थोडं थांबा. त्याला आपल्याकडं ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, कारण दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात. आत स्तूपापुढं उपदेश करणारे बुद्ध बसलेत आणि समोरची सगळी जागा ऐकणाऱ्यांची. एकानं हलक्या आवाजात काही म्हटलं तरी तो आवाज छताखाली घुमत राहतो. आम्ही सहल नेली तेव्हा मुलं आधी ओरडून बघत होती. मग मी सांगितलं, एकानं फक्त एक शब्द म्हणायचा आणि तो पूर्ण विरेपर्यंत कोणी दुसरा शब्द काढायचा नाही. चाळीस मुलं श्वास रोखून एका शब्दाचा शेवट ऐकत होती. एकाग्रतेवर तासभर बोलूनही मला ते जमलं नसतं.

आणि एक शब्द सांगते. वेरूळला बौद्ध लेणी आहेत तशी जैन लेणीही आहेत. या दोन्ही परंपरांत अनुयायाला ‘श्रावक’ म्हणतात. श्रावक म्हणजे ऐकणारा. आपल्या भक्तिमार्गात नवविधा भक्तीतली पहिली भक्ती कोणती? श्रवण. जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास, त्यांच्या दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवातच श्रवणभक्तीनं होते. पैठणला नाथांची भारुडं लोकांनी आधी कानांनी घेतली. याच शहरात अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी यांनी गझला लिहिल्या. मुशायऱ्यात शेर आवडला की ऐकणारा ‘मुकर्रर’ म्हणतो, म्हणजे पुन्हा म्हणा. ऐकणाऱ्याला पुन्हा मागायचा हक्क असतो. शाळेत मात्र आपण मुलाला ‘पुन्हा वाचा’ म्हणायचा हक्क देत नाही, ‘अर्थ सांग’ म्हणतो.

आपल्या आधीच्या पिढीला ऐकणं शिकवावं लागलं नाही. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं. वर्षभर आठवड्याला एक गीत, एकूण ५६. माझी आई सांगायची, वाड्यात एकच रेडिओ होता आणि त्या वेळेला भांड्याचा आवाज झाला तरी लोक रागानं बघायचे. पुढं विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव काव्यवाचन करत हिंडले, सभागृहं भरायची. माझी आजी तर शाळेत गेलीच नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला किती यायच्या त्याची मोजदाद नाही. बहिणाबाई चौधरींचंही तसंच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मंडळींनी गाणी उतरवून ठेवली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं, म्हणून ती आपल्याला मिळाली. ती गाणी डोळ्यांसाठी नव्हती, कानांसाठी होती.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, मुलांना शांत बसवायचं तर ध्यान द्या ना, कविता कशाला? बरोबर आहे. आपल्या राज्यात शालेय शिक्षण विभाग आणि इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचा ‘मित्र उपक्रम’ आहे. त्यात मुलं आनापान करतात, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघतात. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला, त्यात योग, प्राणायाम, ध्यान, खेळ आहेत. चांगलंच आहे. पण माझा अनुभव असा, की लहान मुलाला ‘श्वासाकडं बघ’ म्हटलं की तो शेजाऱ्याच्या श्वासाकडं बघतो आणि दोघं हसतात. काहींना जमतं, काहींना जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या मनाला धरायला काहीतरी लागतं. कवितेला लय असते, ओळ संपते तिथं थांबा असतो, एखादं चित्र असतं. मन पळालं तरी पुढची ओळ त्याला हाक मारते. दुसरी गोष्ट, मोबाइलवर मुलं कंटाळा आला की बोटानं पुढं सरकवतात. वाचून दाखवलेली कविता पुढं सरकवता येत नाही. ती वाचणाऱ्याच्या चालीनं चालते आणि ऐकणाऱ्याला तितका वेळ थांबावं लागतं. तेवढं थांबणं हाच सराव.

निवृत्तीनंतर करोना आला. दीड-दोन वर्षं आपली मुलं चार इंचाच्या पडद्यात शाळा शिकली. ते निर्बंध उठल्यावर मी आपल्या गच्चीवर संध्याकाळी सहा मुलांना घेऊन बसले. मुलं मला ‘मॅडम आजी’ म्हणतात. पहिला दिवस पार फसला. मी कविता सुरू केली आणि खाली टँकर आला, मोटर सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरून कोणाची तरी आई दुधासाठी हाका मारायला लागली. एक जण म्हणाला, “मॅडम आजी, झोप यायली.” मी म्हटलं, झोप. तो खरंच झोपला. घरी येऊन मी ठरवलं होतं, की बास.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेले आणि पद्धत बदलली. ती सांगते, म्हणजे घरीही करता येईल. दहा मिनिटं पुरतात.

आधी बाहेरचे तीन आवाज ओळखायचे. टँकरची मोटर आली तर तीही त्यात. तिला शत्रू मानायचं नाही. मग आठ ते सोळा ओळींची कविता सावकाश वाचायची. स्वतःच्या आवाजात वाचायची, संगीत लावलेली चित्रफीत नको. पहिल्यांदा फक्त आवाज ऐकायचा, अर्थ लागला नाही तरी चालेल. मग मिनिटभर कोणी बोलायचं नाही. हे मिनिट मुलांपेक्षा मोठ्यांनाच जड जातं. मग तीच कविता दुसऱ्यांदा. या वेळी एखादं चित्र दिसतं का, छातीत, पोटात, घशात काही जाणवतं का, ते आपलं आपण बघायचं. मन क्रिकेटमध्ये गेलं तर गेलं, पुढच्या ओळीला परत यायचं. शेवटी ज्याला वाटेल त्यानं एक शब्द सांगायचा. नाही सांगितला तरी चालतो. आणि मोठ्यांनी प्रश्न विचारायचा नाही. ‘कळली का?’ हासुद्धा नाही.

डोळे मिटण्याची सक्ती करू नका. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते. त्यांनी जमिनीकडं बघावं. पहिली-दुसरीच्या मुलांना तालावरची बडबडगीतं द्या, टाळी वाजवू द्या. थोड्या मोठ्यांना आपल्या मातीतलं द्या. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर होते, त्यांच्या कवितेत आपली रानं आणि आपला पाऊस आहे. आपल्या शहरातले फ. मुं. शिंदे आहेत, त्यांची आईवरची कविता कित्येक पालकांनी स्वतः शाळेत ऐकली असेल. कोणाच्या घरी उर्दू असेल, हिंदी असेल, तर त्या भाषेतली कविता आणा. कानाला चालते.

आता माझी दुसरी चूक. वर्ग जरा जमला, मुलं दहा-बारा झाली. गणेशोत्सव आला आणि मंडळातल्या लोकांनी सुचवलं, की मुलांना इतक्या कविता येतात तर काव्यवाचन स्पर्धा ठेवू, बक्षीस देऊ, प्रमाणपत्र देऊ. परीक्षक मी. मी ‘हो’ म्हणाले, कारण मलाही बरं वाटलं. त्या रात्री ब विंगमधली पाचवीतली एक मुलगी स्टेजवर गेली आणि दुसऱ्या कडव्यावर अडकली. समोर पन्नास मोबाइल वर झालेले. कोणी हळू आवाजात ओळ सांगतंय, कोणी हसतंय. ती रडत खाली आली. पुढचे तीन शनिवार ती गच्चीवर आलीच नाही. जी कविता तिची होती ती मी परीक्षेची करून टाकली होती. जे वर्गात केलं तेच मी गच्चीवर केलं.

चौथ्या शनिवारी ती आली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. दोन महिन्यांनी एके दिवशी कविता संपल्यावर तिनं टाकीमागून एकच शब्द म्हटला : “पुन्हा.” म्हणजे आपलं मुकर्ररच ते! मी पुन्हा वाचली. बक्षीस समारंभातल्या टाळ्यांपेक्षा मला तो शब्द मोठा वाटतो.

एका काकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं होतं, “मॅडम, याचा मार्कांना उपयोग काय?” काका इथं बसलेत, म्हणून खरं उत्तर देते. मला माहीत नाही, आणि मार्क वाढतील असं आश्वासन मी देणार नाही. दहावीतल्या एका मुलीनं मला सांगितलं, की पेपर हातात आल्यावर सगळं पुसल्यासारखं झालं, तेव्हा तिनं गच्चीवरच्या एका कवितेच्या दोन ओळी मनात म्हटल्या आणि मग पहिला प्रश्न वाचता आला. प्रश्न सोडवला तिनं, अभ्यासही तिचाच. कवितेनं फक्त ते अर्धं मिनिट सांभाळलं.

आणि एक सावधगिरीचं सांगते. हे औषध नाही. कविता कधी कधी आत दडलेलं वर आणते. कोणी रडलं तर ‘काय झालं?’ म्हणून सगळ्यांसमोर खोदू नका, जवळ बसा. मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, तर कवितेवर विसंबू नका, समुपदेशकाकडं किंवा डॉक्टरकडं न्या. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा नंबर लिफ्टमध्ये लावा, असं मी सचिव साहेबांना सुचवते.

आता रौप्यमहोत्सवाची माझी मागणी. समितीनं या वर्षी बरंच काही ठरवलं आहे, रंगकाम, कमान, सोलर. माझी मागणी बिनखर्चाची आहे. दर शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते सात हे सभागृह मुलांना भाड्याशिवाय द्या. पावसाळ्यात गच्चीवर बसता येत नाही. दारात एक टोपली ठेवू, मोबाइल तिच्यात. स्पर्धा नाही, प्रमाणपत्र नाही, ग्रुपवर टाकायला फोटो नाही. पाण्याचा पंप सात वाजल्यानंतर सुरू करायला वॉचमनभाऊंना सांगा. आणि शेवटची अट मोठ्यांसाठी : मुलाला दारात सोडून निघून जायचं नाही. आई, बाबा, आजी, आजोबा, कोणीतरी एकानं आत बसायचं आणि ऐकायचं. आपण ऐकत नाही आणि मुलांनी ऐकावं असं म्हणतो, ते जमणार नाही.

माझं वय झालं, आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. कधीतरी वाचणारं दुसरं कोणी लागेल. वाचायला मराठीची पदवी लागत नाही. सावकाश वाचता आलं आणि वाचून झाल्यावर गप्प बसता आलं, की झालं. ज्यांना जमेल त्यांनी आज जाताना मला नाव सांगून जा.

माझ्या वर्गातला तो मुलगा आता तिशीच्या जवळ आला असेल. कदाचित त्यालाही मूल असेल. त्या मुलाला कोणीतरी पावसाची कविता ऐकवावी आणि ऐकून झाल्यावर त्याला उभं करू नये, एवढंच मला वाटतं.

इतका वेळ तुम्ही शांतपणे ऐकलंत, मध्ये टँकर येऊन गेला तरी.